आम्ही येऊन गेलो

माणसानं नियम जरूर करावेत, पण करण्याआधी एकदा त्या नियमाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसून बघावं. इस्त्रीबाईंनी तसं काही केलं नव्हतं. कोण करतं म्हणा.

इस्त्रीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. चर्चच्या मंडळीतली माणसं त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठ फिरली की इस्त्रीबाई, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. एका मोठ्या लॉन्ड्रीचं काउंटर त्या सव्वीस वर्षं सांभाळत होत्या. कपडा आला की कॉलरच्या आत नंबराची चिंधी टाचायची, वहीत चढवायचा, आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन तो मालकाच्या हातात पडेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. सव्वीस वर्षांत बाईंच्या हातून एक रुमालही हरवला नव्हता. बोलणंही तसंच, चुणी नसलेलं. लग्न राहून गेलं. आईचं करण्यात वर्षं गेली, मग आई गेली, आणि उरलं काय, तर दोन खोल्या, एक लांबलचक पॅसेज आणि बाई.

बाईंचा देवावरचा विश्वास मात्र नुसता रविवारपुरता नव्हता, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल करावं. उपदेशात जे ऐकलं ते सोमवारी करून बघायचं, अशी त्यांची रीत. आजारी माणसाला भेटायला गेलात की प्रभूलाच भेटलात, हे ऐकून बाकीचे मान डोलवून घरी जेवायला गेले. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीतून एक लाकडी पेटी आणि दोनशे कोरी कार्डं आणली.

त्याआधी मंडळीच्या भेटी म्हणजे सगळा सावळा गोंधळ होता. ज्याच्या घरी चहा फक्कड त्याच्याकडे आठवड्यात चौघं, आणि ज्याच्या घरी खोकला त्याच्याकडे वर्षभर कोणी नाही. बाईंनी प्रत्येक घराचं एक कार्ड केलं. कोण आजारी, कोण म्हातारं, कोण एकटं, सगळं वर लिहिलेलं. रविवारी उपासना संपली की ज्यानं त्यानं पेटीतून दोन कार्डं उचलायची, गुरुवारी संध्याकाळी त्या घरी जायचं, आणि येऊन कार्डावर तारीख टाकायची. आधी फोन करायचा नाही, कारण फोन केला की दुखणाईत माणूस उठून घर आवरायला लागतं. आणि दार उघडलं नाही तर काय, याचाही नियम होता. तीनदा वाजवायचं. मनात एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना म्हणायची. तोवर दार उघडलं नाही तर दाराखालून चिठ्ठी सरकवायची आणि पुढच्या घरी जायचं. ही युक्ती सरळ लॉन्ड्रीतून आलेली. तिथं कपडे पोचवणारा माणूस बंद दारापुढे ताटकळत बसला तर बाकीचे कपडे कधी पोचायचे? म्हणून तो एक गुलाबी चिठ्ठी टाकून जाई. मंडळीच्या चिठ्ठ्याही बाईंनी त्याच उरलेल्या गुलाबी कागदावर छापून घेतल्या. ‘आम्ही येऊन गेलो. तुमच्यासाठी प्रार्थना केली.’

चिठ्ठी म्हणजे भेटच धरायची, असंही ठरलं. आपण गेलो होतो, देवानं पाहिलं होतं, मग झालं तर.

नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं. दर वर्षीच्या सभेत बाई अहवाल वाचत आणि शेवटी म्हणत, “यंदाही एकही घर सुटलेलं नाही.” टाळ्या पडत. नवे पाळकसाहेब तर म्हणाले होते, श्रद्धा कामात कशी उतरवायची ते ताईंकडून शिका. बाईंनी मान खाली घातली, पण कानांनी ऐकून घेतलंच असणार. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. एकट्या माणसाच्या पदरात कुणी टाळ्या घातल्या तर तो काय झटकून टाकेल?

मग एका मंगळवारी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत साबणाच्या पाण्यावरून बाईंचा पाय घसरला आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे घरी, आणि पायावर तसूभरही भार टाकायचा नाही. चालायला चार पायांचा वॉकर मिळाला. दुपारचा डबा देणारी बाई दाराच्या कडीला डबा अडकवून जाई, तिची पन्नास घरं बाकी असत. परदेशातला भाऊ रविवारी फोन करी, “कशी आहेस?” आणि बाई म्हणत, “ठीक.” लॉन्ड्रीतून फोन येई, “कशा आहात?” बाई म्हणत, “ठीक.” त्यांचा ‘ठीक’ असा काही कडक होता की पुढे दुसरा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नसे.

पहिले दोन दिवस बाईंना बरंच वाटलं. वाचायचं राहिलेलं वाचलं, छताकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी छत वाचून संपलं. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा आणि लिफ्टचा. लिफ्ट वर येताना बाई कान देत, आपल्या मजल्यावर थांबते का. थांबे, दार उघडे, आणि पावलं शेजारच्या घरात जात. चौथ्या दिवशी आपला स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून बाईंनी डब्याच्या झाकणावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचलं. मग स्वतःच ओशाळल्या.

पण गुरुवार येणार होता. बाईंना माहीत होतं, मंडळीच्या उपासनेत त्यांच्या पडण्याची सूचना झाली असणार, म्हणजे कार्ड झालं असणार, म्हणजे गुरुवारी कुणीतरी येणार. बाईंनी सकाळीच केस विंचरले. दोन कप धुऊन ठेवले. वॉकरला धरून दोन कप धुणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यानं धुतले त्यालाच कळेल.

सहाच्या सुमाराला दार वाजलं, तीनदा, नियमाप्रमाणे. बाई मागच्या खोलीत पलंगावर होत्या. पाय उशीवरून उतरवला, वॉकर ओढला, उठल्या, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली ती जाऊ दिली, आणि निघाल्या. वॉकर उचलायचा, टेकवायचा, एका पायानं उडी मारायची. असं चौदा वेळा केलं की पॅसेज संपे. मग वरचा खटका, खालचा खटका आणि साखळी. एकट्या बाईचं घर, तीन कड्या हव्यातच. दार उघडलं तर बाहेर कोणी नव्हतं. पायाशी गुलाबी कागद पडला होता.

“आमचाच कागद,” बाई म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. पण वाकून तो उचलता येईना. काठी आणून, काठीनं भिंतीशी सरकवून, मग खुर्चीत बसून उचलावा लागला. त्यात अर्धा तास गेला. एक कप परत फळीवर ठेवला.

दुसऱ्या गुरुवारीही तसंच झालं. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी दार वाजल्याबरोबर हाक मारली, “थांबा, आले.” पण मागच्या खोलीतली हाक पॅसेजच्या मध्यावरच दमली असणार, कारण शेजारच्यांचा टीव्ही तेवढ्यात ओरडत होता. बाईंनी जीव खाऊन उड्या मारल्या, वॉकरची रबरी टोपी सुटली, खांदा भिंतीवर आदळला. दार उघडेपर्यंत लिफ्ट खाली निघालेली होती. लिफ्टच्या जाळीतून कुणाच्या तरी डोक्याचा भांग दिसला आणि तोही खाली गेला.

“किती थांबतात तरी ही माणसं?” बाई दाराशी उभ्या राहून स्वतःशी म्हणाल्या. आणि किती थांबतात ते त्यांना नेमकं माहीत होतं. एका प्रभूच्या प्रार्थनेइतकं. बाईंनी मनात म्हणून बघितली. घाईत, मनातल्या मनात, सव्वीस वर्षांच्या काउंटरच्या सवयीनं म्हटली तर बावीस सेकंद. पलंगापासून साखळीपर्यंत लागत होती तीन मिनिटं.

करावं तसं भरावं म्हणतात. पण इतकं तंतोतंत?

त्या रात्री नीट झोप लागली नाही, आणि सकाळी बाईंनी फोन उचलला. पेटी सध्या जिच्याकडे होती त्या चर्चच्या सेक्रेटरींच्या बायकोला, म्हणजे सगळ्या मंडळीच्या वहिनींना, लावला.

“ताई! बरं वाटतंय ना?” वहिनी म्हणाल्या. “काल मीच आले होते हो. दार नाही उघडलंत, म्हटलं झोपल्या असाल, कशाला उठवा. पण तुमचा नियम पाळला बरं का, पुरी प्रार्थना म्हटली. कार्डावर लिहूनसुद्धा टाकलं.”

“बरं केलंत.”

“काही हवंय का तुम्हाला?”

आता खरं तर एवढंच म्हणायचं होतं की पुढच्या वेळी जरा जास्त थांबा, वहिनी. साधं वाक्य आहे, शाळेतलं पोरही म्हणेल. बाईंच्या तोंडात आलंही होतं. पण ते म्हणायचं म्हणजे नऊ वर्षांचा नियम चुकला म्हणायचं, आणि त्याहून कठीण म्हणजे, मला कुणीतरी यायला हवंय, असं म्हणायचं. देण्याची सवय होती बाईंना, मागण्याची नव्हती.

“नाही, नाही. काही नको. सहज केला फोन,” बाई म्हणाल्या आणि ठेवून दिला. ताकाला गेल्या आणि भांडं लपवून परत आल्या.

चौथ्या गुरुवारी मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. मागायचं नाही, पण चुकायचंही नाही. दुपारी चारलाच खुर्ची ढकलत ढकलत दाराशी आणली आणि तिच्यावर बसल्या. वरचा खटका काढून ठेवला, साखळी काढून ठेवली. समोर हातभर अंतरावर दार. दाराच्या आतल्या बाजूचा रंग कुठे कुठे उडालाय ते तोपर्यंत त्यांना माहीतही नव्हतं. साडेचार वाजले, पाच वाजले. शेजारची मुलं शाळेतून आली, कुणाचं तरी कुरिअर आलं. पावणेसहाला बाईंना जाणं भागच पडलं. माणसाला देह दिलाय देवानं, त्याची वेळापत्रकं वेगळी. न्हाणीघर पार मागे. बाई चौदा उड्या मारत गेल्या, आणि दाराची कडी आतून लावली न लावली तोच बाहेरचं दार वाजलं. तीनदा.

बाई आत भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आता घाई करण्यात अर्थ नाही हे कळत होतं. त्यांनी मनात प्रार्थना सुरू केली, बाहेरच्या माणसाबरोबर. ती संपली, आणि दूरवर दाराखालून कागद सरकल्याचा आवाज आला. एवढा लहान आवाज इतक्या लांब ऐकू येतो, याचं त्यांना नवल वाटलं. मग त्या रडल्या. आई गेली तेव्हाही इतक्या रडल्या नव्हत्या. ऐकणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे आवाज दाबायचं कारण नव्हतं.

येत्या रविवारी वार्षिक सभा होती. सेक्रेटरी स्वतः गाडी घेऊन न्यायला येणार होते, बाईंनी अहवाल वाचायचा होता. पेटी वहिनींकडे असली तरी कार्डांवरचं सगळं उतरवलेली वही बाईंच्याच कपाटात होती. शनिवारी सकाळी त्यांनी ती मांडीवर घेतली. प्रत्येक घरापुढे आठवड्यांचे चौकोन, आणि चौकोनात ‘भे’ किंवा ‘चि’. भे म्हणजे भेट, चि म्हणजे चिठ्ठी. अहवालात दोन्ही एकत्रच धरत असत. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यातल्या नुसत्या ‘चि’ वर बोट ठेवत वाचायला घेतलं.

वाचता वाचता कळलं की चिठ्ठ्या विखुरलेल्या नाहीत. धडधाकट घरांत भेटीच भेटी. जिथं लकवा, जिथं गुडघे, जिथं एकटं म्हातारं माणूस, तिथं चिठ्ठ्या. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय. आणि एका घराची ओळ तर सबंध चिठ्ठ्यांची होती. वर्षभरात एकही ‘भे’ नाही. ते घर मास्तरांचं.

मास्तर म्हणजे चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन वाजवायचे ते. एकटेच राहत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. वाजवायचे सुंदर, पण सावकाश. त्यांच्या हाताखाली साधं आमेनसुद्धा अर्धं मिनिट चाले. लोक श्वास संपून गप्प बसत, आणि मास्तर आपले शेवटचा सूर धरून डोळे मिटून बसलेले. उपासना लांबते म्हणून मंडळीच्या पंचांकडे तक्रार कुणी केली असेल, ते सांगायला नकोच. मग मास्तरांचे गुडघे गेले, नवी मुलगी वाजवायला आली, आणि उपासना वेळेवर संपायला लागली.

त्यांचं घर लॉन्ड्रीच्या वाटेवर होतं, म्हणून त्यांचं कार्ड बाईंनी दुसऱ्या कुणाला कधी उचलूच दिलं नाही. म्हणजे त्या ओळीतल्या साऱ्या चिठ्ठ्या बाईंच्याच हातच्या होत्या. त्यांच्याच अक्षरातला ‘चि’, ‘चि’, ‘चि’.

आणि आता ती गोष्ट आठवली, जी त्या विसरल्या नव्हत्या, फक्त तिच्याकडे बघत नव्हत्या. मास्तरांच्या दाराशी प्रार्थना म्हणताना आतून आवाज यायचा. काठीचा. टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. एकदा तर “आलो, आलो” असंही ऐकू आलं होतं. पण आमेन झालेलं होतं, चिठ्ठी निम्मी आत गेलेली होती, आणि पुढे अजून एक घर होतं. बाईंनी ती निम्मी चिठ्ठी पुरी आत सरकवली होती आणि पायऱ्या उतरल्या होत्या.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत चार गुरुवार गेले होते. वहिनींना तरी झोपल्या असाल असं वाटलं होतं. बाईंना ऐकू आलं होतं. शनिवारी दिवसभर त्यांनी डबा उघडला नाही. देवापुढे काय बोलायचं तेही सुचेना, कारण जे काही सुचे ते अहवालासारखंच वाटे. शेवटी एवढंच म्हणाल्या, “उद्या मला तिथं ने.”

रविवारी सेक्रेटरी आले तेव्हा बाई तयार होऊन दाराशी खुर्चीत बसलेल्याच होत्या. सेक्रेटरी म्हणजे सतत घड्याळ बघणारा माणूस, भला होता पण पायाला चाकं लावलेला.

“वा, ताई, एकदम वक्तशीर. अहवाल घेतलात ना?”

“घेतलाय. आधी मास्तरांकडे जायचंय.”

“कोणते मास्तर? ऑर्गनवाले? अहो, उपासना सुरू होईल. परतताना जाऊ की.”

“परतताना नाही. आधी,” बाई म्हणाल्या. तो आवाज काउंटरवरचा होता, सेक्रेटरींनी निमूट गाडी वळवली.

मास्तरांच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. याच पाच पायऱ्या बाई आजवर दोन ढांगांत चढत आणि उतरत आल्या होत्या. आज त्या खालच्या पायरीवर पाठमोऱ्या बसल्या आणि प्लास्टरचा पाय पुढे धरून एकेक पायरी मागे सरकत वर गेल्या. चांगली साडी मातीत मळली. सेक्रेटरी वॉकर हातात धरून कानकोंडे होऊन उभे होते. वर गेल्यावर त्यांनी बाईंना उभं केलं आणि दार वाजवलं. तीनदा.

थोडा वेळ गेला.

“घरी नाहीयेत वाटतं,” सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. गुलाबी चिठ्ठ्यांचं पॅड बाहेर आलं. “टाकू का?”

“ते आत ठेवा.”

“ताई, झाली की प्रार्थना माझी म्हणून.”

“तुमची झाली असेल. माझी अजून पहिल्याच ओळीत आहे.”

बाई खरंच पहिल्या ओळीत होत्या. मास्तर वाजवायचे त्या चालीनं त्या म्हणत होत्या, एकेक शब्द श्वास संपेपर्यंत धरून. अशी म्हटली की तिच्यात रोजची भाकरी मागण्यापाशी थांबायला होतं, आणि क्षमा मागण्यापाशी तर पुढे सरकायलाच होत नाही. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, मग बाईंकडे बघितलं, मग घड्याळावर बाही ओढली. रस्त्यावरून कुणी सायकल नेली. आतून काही आवाज नव्हता. उशीर झाला असेल तर? महिना होऊन गेला आपण आलो नाही, आणि महिन्याभरात एकट्या माणसाचं काहीही होऊ शकतं, हे आता त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बाई मनात पुढे म्हणेनात. तिथंच थांबून राहिल्या.

मग आत टक झालं. अगदी जवळ, दाराला लागूनच.

“आलो, आलो.”

“सावकाश या, मास्तर,” बाई म्हणाल्या. “आम्ही थांबलोय.”

आतली काठी एकदम गप्प झाली. मग कापडाची सळसळ ऐकू आली, कशाला तरी हात आपटला, आणि बऱ्याच वेळानं कडी निघाली. मास्तर दारात उभे होते, उपासनेला घालायचे तो काळा कोट घालून. आत नुसता बनियन. कोटाचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलं होतं. चेहरा आटून अर्धा झालेला.

“माफ करा हं,” ते धापा टाकत म्हणाले. “मला जरा उशीर होतो. कोटाच्या बाहीत हात जायला फार वेळ लागतो.”

“कोट कशाला हो?” सेक्रेटरी न राहवून बोलून गेले.

“मंडळीतलं माणूस भेटायला येणार, तर बनियनवर कसं यायचं?”

बाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या मास्तरांच्या खांद्यावरून आत बघत होत्या. दाराच्या आत लगेच, पॅसेजमध्येच, पलंग टाकलेला होता. सबंध पॅसेज त्यानं अडला होता. पलंगाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या, बाहेरून आलेला जेवणाचा डबा, चष्मा, औषधं. भिंतीला हाताला लागेल असा एक खिळा, कोटासाठी. आतल्या दोन्ही खोल्यांची दारं बंद होती आणि त्यांच्या उंबऱ्यावर धूळ साचलेली होती. मास्तरांनी आपलं सगळं घर उचलून दाराशी आणून ठेवलं होतं. तरीसुद्धा त्यांना वेळेत दार गाठता आलं नव्हतं.

“पलंग इथं कधी आणलात?” बाईंनी विचारलं.

“झालं असेल वर्ष. आत असताना पोचायचोच नाही. म्हटलं, इथं झोपलं तर एखाद्या गुरुवारी जमेल.” ते जरासे हसले. “दोनदा तर अगदी थोडक्यात हुकलं.”

बाईंनी वॉकरची दांडी घट्ट धरली. “मास्तर, मला तुमची काठी ऐकू यायची. ऐकून मी जायचे.”

सेक्रेटरी जमिनीकडे बघायला लागले.

“माहीत आहे मला,” मास्तर म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर बाईंना ते सोपं गेलं असतं. “मलाही तुमची पावलं ऐकू यायची ना. पायऱ्यांवरून. तुमची चाल फार जलद, चुकायची नाही. मी म्हणायचो, चला, आल्या तरी होत्या.”

बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं होतं. लांबून चर्चची घंटा ऐकू आली. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, “ताई, अहवालाचं काय करायचं?”

बाईंनी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. “तुम्हीच वाचा. आणि शेवटचं वाक्य वाचू नका. एकही घर सुटलं नाही, ते. त्याऐवजी मास्तरांची ओळ वाचा, आणि ती माझी आहे म्हणून सांगा. आणि वहिनींना म्हणावं, गुरुवारी माझ्याकडे याल तेव्हा थांबा. मला दाराशी यायला तीन मिनिटं लागतात.”

एवढं मागून झालं आणि बाई घामाघूम झाल्या. सेक्रेटरी गेले. गाडी सुरू करायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

आत बसायला जागा पलंगाचीच होती. बाई टेकल्या, पाय लांब करून. मास्तरांनी उशी त्यांच्या प्लास्टरखाली सरकवली, आणि मग पाहुणा खरंच घरात आलाय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते जागच्या जागी गडबडून गेले. कोटाच्या बटणाकडे हात नेला, तांब्याकडे नेला, परत बटणाकडे नेला.

“चहा टाकतो,” ते म्हणाले. “पण सांगून ठेवतो, मला वेळ लागतो. तुम्हाला पुढे कुणाकडे जायचं असेल.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुढे कुणाकडे नाही.”

मास्तर पलंगाच्या कडेकडेनं भिंतीला धरत निघाले. बंद दाराची कडी त्यांना एकदम निघाली नाही. ती निघाली, दार उघडलं, आणि काठी आतल्या खोलीत लांब लांब जात राहिली. मध्येच ती थांबली.

“ताई?” आतून हाक आली. “आहात ना?”

“आहे, मास्तर,” बाई म्हणाल्या. “बसलेय.”